पोटाला एक प्रहर द्या

एका प्रहराच्या आत पुन्हा खाऊ नये आणि दोन प्रहर उलटेपर्यंत उपाशीही राहू नये, असा एक जुना नियम आयुर्वेदात आहे. प्रहर म्हणजे तीन तास. गोव्यातल्या कारापूरच्या शेतात राबणाऱ्याचा दिवस साधारण याच बेताने चाले: दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज, सोबत खारातली आंब्याची फोड, दुपारी भात आणि माशांचं हुमण, रात्री लवकर जेवण. आता तिस्काच्या नाक्यावर चहा-भजी, मग वेफर्सचं पाकीट, पुन्हा चहा, असं तोंड दिवसभर चालू असतं. पोट बिघडलं की आपण काय खाल्लं ते आठवतो, कधी खाल्लं ते नाही. पचनाबद्दल आयुर्वेदाने सांगितलेली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र या ‘कधी’मध्येच आहे, असं मला वाटतं.

आधीचं अन्न जिरण्याआधी वर पुन्हा खाणं याला आयुर्वेद अध्यशन म्हणतो आणि ते रोगाचं कारण मानतो. अन्न जिरल्याच्या खुणाही त्याने नोंदवल्या आहेत: शुद्ध ढेकर, अंग हलकं वाटणं, मलमूत्राचे वेग वेळेवर येणं, खरी भूक आणि तहान.

या खुणांमागे आतड्यात काय घडतं, त्याचा एक भाग विसाव्या शतकात उलगडला. 1969 साली अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ शुर्शेव्स्की यांनी उपाशी कुत्र्यांच्या लहान आतड्यात विजेच्या हालचालींची एक लाट सरकताना नोंदवली. माणसातही ती असते. पोट रिकामं झालं की साधारण दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची ही लाट जाते आणि उरलेले अन्नकण, जंतू पुढे ढकलत नेते. आतडं झाडून काढणारी ही फेरी आहे. भुकेच्या वेळी पोटात होणारी गुडगुड बरेचदा तिचीच असते. घासभर खाल्लं तरी लाट थांबते आणि आतडं पुन्हा पचनाच्या कामाला लागतं. सतत तोंड चालू असलेल्याच्या आतड्याला दिवसा ही सफाई करायला सवडच मिळत नाही. ही लाट बिघडलेल्यांच्या लहान आतड्यात जंतू नको तितके वाढू शकतात आणि मग पोट फुगतं.

प्रहराचा नियम सांगणाऱ्यांना ही लाट ठाऊक नव्हती. पण माणसाकडे नीट लक्ष देऊन त्यांनी जे अंतर ठरवलं, ते आजच्या मोजमापाच्या जवळ जातं. साधं जेवण जठरातून पुढे सरकायला तीन-चार तास लागतातच.

पचनशक्तीला आयुर्वेद जठराग्नी म्हणतो. पण जठराग्नी म्हणजे फक्त पोटातलं आम्ल, असं समीकरण मांडू नये. सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद हे अग्नीचे चार प्रकार पचनाच्या एकूण वागण्याचं वर्णन करतात. पावसाळ्यात अग्नी मंदावतो, तेव्हा हलकं आणि ताजं खावं, उकळलेलं पाणी प्यावं, हा ऋतुचर्येतला सल्ला. विहिरी गढूळ होतात त्या दिवसांत तो आजही तंतोतंत पाळण्यासारखा आहे.

त्याच दिवसांत हगवण येते. इथल्या डोंगरांवर पांढऱ्या फुलांचा कुडा वाढतो. त्याची कडू साल आयुर्वेदात अतिसारावरचं प्रमुख औषध आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात हगवणीवर मलबारी वैद्य वापरत त्या झाडाला स्वतंत्र संवाद दिला आहे. अभ्यासक ते झाड कुड्याचंच मानतात. पुढे या सालीतून कोनेसीन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि आमांशाच्या अमीबावर ते वापरलंही गेलं. पण शुद्ध रूपात त्याचे मज्जासंस्थेवर दुष्परिणाम दिसले आणि ते मागे पडलं. झाडपाला आहे म्हणून निर्धोक, असं धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. साल उकळून मनाने पिण्यापेक्षा वैद्याला विचारावं. 2022 च्या डिसेंबरात पेडण्यातल्या धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं रुग्णालय सुरू झालं आहे, तेव्हा तज्ज्ञ वैद्यासाठी गोव्याबाहेर जायची गरज उरलेली नाही.

हगवणीत जीव जातो तो बहुधा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. इथे पेजेचं मोल पुन्हा कळतं. आयुर्वेदात अग्नी क्षीण झालेल्याला आधी मंड, मग पेया, मग विलेपी, अशी पातळ ते घट्ट चढती वाट आहे. आधुनिक वैद्यकाने पटकीच्या रोग्यांवर तांदळाच्या पिठापासून केलेली जलसंजीवनी तपासली, तेव्हा साखरेच्या जुन्या द्रावणापेक्षा तिने जुलाबाचं प्रमाण कमी केलं. पिष्ट हळूहळू फुटून ग्लुकोज सुटतं आणि त्याच्यासोबत आतडं मीठ व पाणी शोषून घेतं. घरच्या पेजेत मीठ अंदाजाने पडतं, म्हणून आरोग्य केंद्रातली जलसंजीवनीची पुडी आधी, पेज तिच्या जोडीला. शौचातून रक्त गेलं, लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं किंवा वजन विनाकारण उतरू लागलं, तर घरचा उपचार सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.