पाय दाखवायचे कुणाला?

गावातल्या दवाखान्यात चपला दाराबाहेर काढून आत जायची आपली पद्धत. म्हणजे डॉक्टरांसमोर बसलेल्या माणसाचे पाय उघडेच असतात. तरीही बीपी मोजलं जातं, छाती तपासली जाते, शुगरचा रिपोर्ट वाचला जातो आणि पाय टेबलाखालीच राहतात. दाखवणाऱ्यालाही ते दाखवावेसे वाटत नाहीत. पायाचं दुखणं म्हणजे वयाचं, कष्टाचं, चालायचंच, असं धरून आपण ते अंगावर काढतो.

दुसरी अडचण जास्त खरी आहे. दात दुखला तर डेंटिस्टकडे जायचं हे लहान मुलालाही ठाऊक असतं. पण तळपायाला कुरूप झालं, अंगठ्याचं नख मांसात रुतलं, सकाळी टाच टेकवेना, तर जायचं कुणाकडे? ब्रिटन-अमेरिकेत यासाठी पोडियाट्रिस्ट हा वेगळा, रीतसर नोंदणीचा व्यवसाय आहे. आपल्याकडे हेच काम सर्जन, हाडांचे डॉक्टर, त्वचारोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यात विखुरलेलं आहे. या चौघांपैकी कुणाकडेच न पोचलेला रुग्ण घरच्या ब्लेडकडे वळतो.

टाचदुखीचंच बघा. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल जीव घेतं, आणि दहा-वीस पावलांनंतर कळ ओसरते. टाचेपासून बोटांच्या बुडापर्यंत तळव्याखाली जो जाड पडदा असतो, त्याच्या टाचेकडच्या टोकाचं हे दुखणं. एक्स-रेत टाचेला हाडाचा काटा दिसला की माणूस घाबरतो, पण असा काटा अजिबात न दुखणाऱ्या टाचांतही सापडतो. बहुतेकांचं दुखणं ऑपरेशनशिवाय वर्षभरात जातं. मात्र त्यासाठी रोज थोडं करावं लागतं. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने बोटं नडगीकडे ओढायची, दहा आकडे होईपर्यंत धरायची. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि त्यातली पहिली खेप सकाळी पाय जमिनीला लावण्याआधी. घरातल्या टणक फरशीवर अनवाणी न फिरता मऊ चप्पल घालावी. फिजिओथेरपिस्ट हे एकदा नीट शिकवतो, आणि तेवढ्याने पुष्कळांचं काम होतं.

चिखल्यांबद्दल एवढंच सांगतो, की मेडिकलवाल्याने दिलेलं, स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीने आपल्या देशातले त्वचारोगतज्ज्ञ आज हैराण आहेत, आणि या क्रीमांचा त्यात हात असल्याचं ते सांगत आले आहेत.

कुरुपाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. जिथे हाड आतून आणि चप्पल बाहेरून दाबते, तिथली कातडी स्वतःला वाचवण्यासाठी जाड होते. मध्यभागी तिचा टणक, खाली निमुळता खडा तयार होतो आणि तोच चालताना आत टोचतो. जाणकार डॉक्टर आधी ते कुरूपच आहे ना, याची खात्री करतो. सरळ दाबल्यावर दुखलं तर बहुधा कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखलं तर चामखीळ. मग सर्जिकल ब्लेड जवळजवळ आडवं धरून तो कातडीचे पापुद्रे एकेक करून उतरवतो. ही कातडी मेलेली असते, त्यामुळे हात बसलेला असेल तर रक्ताचा थेंबही येत नाही आणि भूलही लागत नाही. शेवटी तो खडा निघतो आणि माणूस टेबलावरून उतरून पाय टेकवतो तेव्हा कळ थांबलेली असते. पण चप्पल तीच राहिली तर कुरूप परत येणारच. म्हणून चप्पल बघणं हा उपचाराचाच भाग आहे. दुकानात मिळणाऱ्या कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक आम्ल असतं. ते मेलेली कातडी विरघळवतं आणि जागेवरून सरकलं तर जिवंत कातडीही जाळतं. डायबेटीसच्या रुग्णाने ती पट्टी लावूच नये. अशा रुग्णाच्या घट्ट्याखाली काळपट डाग दिसला तर ते बहुधा साकळलेलं रक्त असतं आणि खाली जखम तयार होत असते.

इथून पुढचा प्रश्न दुखण्याचा नाही, दुखणं बंद होण्याचा आहे. आणि ते ज्ञान जगाला मिळालं आपल्याकडच्या कुष्ठरुग्णांच्या पायांवरून.

डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म 1914 साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला. लंडनला शस्त्रक्रिया शिकून 1946 मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात हातापायांची बोटं आपोआप झडतात, असं तेव्हा डॉक्टरही मानत. ब्रँड यांनी रुग्णांचा दिवस बारकाईने पाहायला सुरुवात केली. गंजलेल्या कुलपात किल्ली अडकली तेव्हा एका पोराने ती जोर लावून फिरवली, आणि त्याचं बोट हाडापर्यंत कापलं तरी त्याला पत्ता नव्हता. काहींच्या बोटांचे तुकडे रात्रीत नाहीसे होत. पहारा ठेवल्यावर कळलं, की उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्याला जाग येत नव्हती. मग रुग्णांना मांजरी पाळायला दिल्या. रोग नसा मारतो, वेदना जाते, आणि वेदना गेलेला माणूस स्वतःला इजा करत राहतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

तळव्याचे व्रण यातलेच. एकाच जागी रोज थोडा थोडा दाब पडत राहतो. आपल्याला तिथे आग होते म्हणून आपण नकळत पाय वेगळा टाकतो. संवेदना गेलेला माणूस मात्र त्याच जागेवर भार देत राहतो. पायाला नीट बसणारं प्लास्टर घातलं, की भार सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो आणि वर्षानुवर्षांचा व्रण भरून येतो, हे कुष्ठरुग्णांवर दिसलं. व्रण होण्याआधी ती जागा गरम लागते, हेही ब्रँड हाताने चाचपून सांगत. 1966 पासून ते अमेरिकेत, लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात होते. तिथून हे प्लास्टर आणि ही दृष्टी मधुमेहाच्या डॉक्टरांकडे गेली. दोन पायांच्या त्याच जागेच्या तापमानात 2.2 अंश सेल्सियसचा फरक पडला तर थांबा, असं आज मधुमेहींना सांगतात, ते याच विचारातून. कुष्ठरोग कार्यक्रमात अजून वाटल्या जाणाऱ्या एमसीआर रबराच्या मऊ चपलाही याच परंपरेतल्या.

आता आपली गरज पाहा. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. मधुमेहात होणाऱ्या पाय कापण्याच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे 85 टक्क्यांच्या आधी पायाला एक साधा व्रण झालेला असतो. त्यात आपण अनवाणी चालणारे लोक. नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालणारे, वारीला अनवाणी जाणारे, चैत्रातल्या जत्रेत तापलेल्या फरशीवर रांगेत उभे राहणारे आपल्यातलेच आहेत. ज्याच्या पायाला चटका कळतो तो सावलीला पळतो. ज्याला कळत नाही तो दर्शन होईपर्यंत उभा राहतो आणि फोड घरी आल्यावर दिसतात. माझ्या मते देवाला हे मागायचं नसतं. मधुमेह असलेल्या माणसाने अनवाणी चालण्याचं व्रत घेऊ नये आणि घरच्यांनी घेऊ देऊ नये.

तपासणीला पैसा लागत नाही म्हटलं तरी चालेल. नायलॉनचा एक तंतू असतो, 10 ग्रॅम दाबाला वाकणारा. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे. अंगठ्याच्या पोटाला, बोटांच्या बुडाखालच्या उंचवट्यांना तो तंतू वाकेपर्यंत टेकवायचा आणि कळलं का, एवढंच विचारायचं. पावलावरची नाडी बोटांनी बघायची. बोटांच्या बेचक्या उघडून पाहायच्या. पाच मिनिटांत होतं. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी टांझानियाच्या डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्यासोबत उभ्या केलेल्या ‘स्टेप बाय स्टेप’ प्रकल्पात डॉक्टर आणि नर्स अशी जोडी हेच शिकून आपापल्या गावी परतत असे. नर्सला शिकवणं मला यात सर्वांत मोलाचं वाटतं, कारण पाय धुणारी, पट्टी बांधणारी, चप्पल उलटी करून आतला खिळा शोधणारी तीच असते. पायाच्या आकाराप्रमाणे चप्पल-बूट हवे असतील तर मुंबईत हाजीअलीला 1955 पासून चालू असलेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी अशी सोय शोधावी लागते, आणि ती शोधावी लागू नये ही सरकारची जबाबदारी आहे.

घरी करायचं ते थोडकं आहे. रोज रात्री दोन्ही तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर आरसा धरून किंवा घरच्या कुणाला सांगून. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात कुरतडायची नाहीत. टाचेला तेल किंवा मलम लावायचं, बेचक्या कोरड्या ठेवायच्या. गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवायचे नाहीत. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवायचा. आणि पुढच्या वेळी शुगर दाखवायला जाल तेव्हा रिपोर्ट टेबलावर ठेवण्याआधी पाय स्टुलावर ठेवा आणि म्हणा, ‘डॉक्टर, आधी हे बघा.’ वर्षातून एकदा तरी ते बघून घेणं हा तुमचा हक्क आहे.