रस्ता रिकामा नव्हता!

नांदगाव खंडेश्वरचा बाजार भरला आहे असे समजा. भाजीवाली तराजू घेऊन बसली आहे, हमाल पाठीवर पोते घेऊन चालला आहे, पोरे पळत आहेत. अशा वेळी कॅमेऱ्याचे झाकण पाच मिनिटे उघडे ठेवले तर फोटोत काय उतरेल? दुकाने, उभी बैलगाडी आणि फार तर बसलेली भाजीवाली. हमाल आणि पोरे त्यात नसतील. जुन्या काळच्या रस्त्यांच्या फोटोंचे नेमके हेच झाले.

१८३८ साली दागेर या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसमधील एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. त्या काळी चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. घोडागाड्या आणि वाटसरू हलत राहिले, म्हणून ते उमटलेच नाहीत. एक माणूस तेवढा दिसतो, कारण बुटाला पॉलिश करून घ्यायला तो एका जागी थांबला होता. पॉलिश करणारा मात्र पुसट आहे. त्याचे हात चालू होते ना! उभा राहिला तो ठळक, राबला तो अंधुक. दोघांचीही नावे कोणाला ठाऊक नाहीत.

१८५१ मध्ये आर्चर या इंग्रजाने काचेवर ओला लेप देऊन फोटो काढण्याची रीत आणली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर. आता मिनिटांचे काम सेकंदांवर आले होते. पण लेप वाळण्याच्या आत फोटो घेऊन काच धुवावी लागे. म्हणून काचा, औषधे, पाणी आणि काळोखी तंबू सोबत न्यावा लागे. चालता माणूस तरीही धुरासारखा दिसे, म्हणून लोकांना ‘हलू नका’ असे सांगून उभे करीत. शिवाय त्या लेपावर निळा प्रकाश लवकर उमटे, लाल-पिवळा फारच कमी. त्यामुळे आभाळ कोरे पांढरे आणि सावळा चेहरा आहे त्याहून काळा येई.

विल्यम जॉन्सन यांनी मुंबईच्या लोकांवर १८६३ आणि १८६६ मध्ये दोन भागांत पुस्तक काढले. त्यात माणसांचे फोटो वेगळे घेऊन मागे दुसऱ्याच जागेचे दृश्य जोडलेले आहे. चित्राला नाव दिले ते जातीचे-जमातीचे, माणसाचे नाही. हा दोष औषधांचा नव्हता, नजरेचा होता.

पुढे कोरड्या काचा आल्या. १८८०च्या सुमारास क्षणार्धात फोटो निघू लागला. १८८८ मध्ये हातात धरण्याचा कोडॅक कॅमेरा आला. आता चालता माणूसही फोटोत आला. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या अथांग जनसमुदायाचे फोटो आज आपण पाहू शकतो. पण त्या गर्दीतल्या किती चेहऱ्यांची नावे आपल्याला सांगता येतील?

तेव्हा बंधू-भगिनींनो, जुन्या फोटोत रस्ता ओस दिसला तर तो ओस होता असे मानू नका. आणि आज एक काम करा. घरातला जुना फोटो काढा, आजीजवळ बसा, एकेकाचे नाव विचारा आणि मऊ पेन्सिलीने मागे लिहून ठेवा. कॅमेरा सुधारला, पण नावे लिहिण्याचे काम तो करीत नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.