मानशीचं दार

गोव्यातल्या कोमुनिदादींच्या, म्हणजे गावाची जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांच्या, कारभारावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. जमिनींचे वाद, अतिक्रमणं, समित्यांच्या निवडणुका, वर्षानुवर्षं चालणारे खटले, असा तो विषय. बरीच कागदपत्रं वाचून झाल्यावर, ज्या जमिनीबद्दल हे सगळं चाललंय ती बघावी म्हणून दिवाडीच्या बाजूला मांडवीच्या बांधावर गेले आणि एका मानशीपाशी थांबले. या लेखाचा विषय तिथेच बदलला.

मानस म्हणजे बांधातलं दार. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि ती शेती भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली. नदीच्या मुखाजवळच्या अशा सखल जमिनीला खाजन म्हणतात. गोव्यात तिचं क्षेत्र सुमारे 18 हजार हेक्टर आहे. मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल, साळ या सगळ्या नद्यांच्या काठांनी ती पसरली आहे. बांध नसता तर दिवसातून दोनदा तिथे खारं पाणी शिरलं असतं. पण नुसता बांध घालूनही भागत नाही, कारण जून ते सप्टेंबर डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी त्याच शेतात उतरतं आणि त्याला बाहेर जायला वाट लागते. बाहेरचं पाणी आत येऊ नये आणि आतलं पाणी बाहेर जावं, अशी ही दुहेरी अडचण. ती सोडवायला वीज लागत नाही, पंप लागत नाही. लाकडाची दारं पुरतात.

मी पाहिलेल्या मानशीला चिऱ्यांच्या भिंतींत बसवलेल्या चौकटी होत्या आणि त्यांना नदीच्या बाजूला उघडणारी दारं. ओहोटीला नदीचं पाणी खाली जातं, आतल्या पाण्याचा रेटा दारांवर येतो आणि ती बाहेर ढकलली जातात. भरती सुरू झाली की रेटा उलटतो आणि तेच पाणी दारं चौकटीवर घट्ट दाबून बसवतं. जितकी भरती मोठी तितकं दार पक्कं. ज्या पाण्याची भीती, त्याच्याच जोरावर दार लावून घ्यायचं ही कल्पना ज्या कोणा गावकाराला पहिल्यांदा सुचली, त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. आतल्या बाजूला चिऱ्यांत उभ्या खाचा आहेत. त्यांत फळ्या सरकवून शेतात किती उंचीपर्यंत पाणी ठेवायचं ते ठरवता येतं. दारामागे रुंद, उथळ पात्र आहे. त्याला पोंय म्हणतात. भरतीच्या वेळी शेतातून उतरलेलं पाणी तिथे साठतं, ओहोटीची वाट पाहत थांबतं.

मानशीची राखण करणारे काका साठीच्या पुढचे. त्यांचे वडीलही हेच करायचे. त्यांच्याशी बोलत असताना पाण्याकडे न बघताच ते म्हणाले, "भरती येता. दार आतां आपशींच लागतलें." थोड्या वेळाने लाकूड लाकडावर बसल्याचा जड आवाज आला. कसं ओळखलंत, असं विचारल्यावर त्यांनी दाराच्या कडेने वाहणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवलं. बाहेर जाणारी धार मंदावते, मग काही क्षण पाणी नुसतं उभं राहतं, त्यावरचा पालापाचोळा हलत नाही, आणि मग उलटं वळतं. त्यांचा दिवस घड्याळाचा नाही. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तसे त्यांचे झोपेचे तासही सरकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला रात्ररात्र बांधावर काढायची, भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या, दिवसांत जरा उसंत.

मानस आपोआप चालते हे खरं, पण तिला माणूस लागतो. दारात ओंडका अडकला, एखादी फळी किडली, चौकटीखालची माती धुपून बोटभर फट पडली, की एका उधाणात कित्येक शेतांत खार चढतो. खेकडे बांधात बिळं करतात. बीळ लहान असताना चिखल आणि पेंढा दाबून बुजवलं तर काम अर्ध्या तासाचं. तेच आठवडाभर राहिलं तर बांधाला भगदाड पडतं. काका फेरी मारताना काठीने बांध टोचत जातात, माती कुठे पोकळ लागते ते बघत. ही पाहणी कुठल्या वहीत लिहिली जात नाही आणि तिचे वेगळे पैसेही मिळत नाहीत.

पैसे मिळतात ते मासळीचे. भात कापून झालं की रात्रीच्या भरतीला दारं मुद्दाम उघडी धरून पाणी पोंयीत घेतात. त्याबरोबर सुंगटं, शेवटे, काळुंदर, कुर्ल्या आणि नशीब असेल तर चोणक आत येतो. ओहोटी लागली की मानशीच्या तोंडाला पिशवीसारखं जाळं बांधतात आणि परतणारी मासळी त्यात येते. हा हक्क लिलावाने दिला जातो आणि त्या पैशांतून बांध दुरुस्त व्हावा अशी रीत आहे. एकाच दारातून भात आणि मासळी दोन्ही निघतात. म्हणूनच पाणी किती आत घ्यायचं यावर गावात पूर्वीपासून कडक नियम होते. मासळीवाल्याला पाणी जास्त हवं असतं, शेतकऱ्याला कमी.

खाजनाचा इतिहास फार जुना आहे. बांदिवड्याला सापडलेल्या, कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटातही खज्जन जमिनीचा उल्लेख येतो. पोर्तुगीज आले तेव्हा गावकारी, म्हणजेच पुढची कोमुनिदाद, चालू होती. 1526 मध्ये अफोन्सो मेशिया याने गावकारांच्या रीतिरिवाजांची सनद लिहून काढली, ती या व्यवस्थेची पहिली सरकारी नोंद. जमीन गावाची, ती लिलावाने कसायला द्यायची, आलेल्या पैशांतून बांध, तळी, देऊळ, वाटा यांचा खर्च भागवायचा आणि उरलेलं गावकारांत वाटायचं, असा कारभार होता. त्या व्यवस्थेत बाई नव्हती आणि कसणाऱ्या मजुरालाही आवाज नव्हता. तिचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. पोर्तुगीज राजवट संपायच्या काही महिने आधी, एप्रिल 1961 मध्ये, कोमुनिदाद संहिता आली. तिनेही या संस्थांना शासनाच्या देखरेखीखाली ठेवलं. आजही उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन प्रशासक दोनशेहून अधिक कोमुनिदादींवर लक्ष ठेवतात.

मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आला आणि त्याच्या पाचव्या दुरुस्तीने 1976 मध्ये कसेल त्याची जमीन झाली. ही गोष्ट न्यायाचीच होती. पिढ्यानपिढ्या चिखलात उभ्या राहिलेल्या माणसांना पहिल्यांदा सातबाऱ्यासारखा कागद मिळाला. पण शेताची वाटणी करता येते, बांधाची येत नाही. कायदा करणाऱ्यांनाही हे आधीच दिसलं होतं. म्हणून बांध आणि मानस सांभाळण्याची कुळांची जबाबदारी सामाईक ठेवली गेली आणि त्यासाठी 1975 मध्ये वेगळे नियम झाले. प्रत्येक खाजनाचा कुळांचा संघ, त्याची व्यवस्थापकीय समिती, मासळीच्या लिलावातून आलेला निधी आणि वर देखरेखीला तालुक्याचा मामलेदार. कागदावर ही रचना मला चांगली वाटते. रायगडच्या खारेपाटात बांध सांभाळण्याची शिलोत्र्यांची जुनी रीत होती. तिथे 1948 च्या आणि मग 1979 च्या खारजमीन कायद्याने सरकारने बांध आणि उघाड्या (तिथल्या मानशी) बऱ्याच अंशी स्वतःकडे घेतल्या. गोव्याने मात्र जबाबदारी गावातच ठेवली.

अडचण आहे ती मामलेदाराच्या टेबलावर. जातीचे दाखले, जमिनीची प्रकरणं, निवडणुका, पूर, सगळं त्याच एका माणसाकडे. संघाची सभा झाली का, हिशेब तपासले का, समितीची मुदत संपली का, हे बघायला त्याला वेळ कधी मिळणार? सभा न झालेल्या संघाला लिलाव धड करता येत नाही आणि लिलावाविना निधी नाही. निधी नसला की फळी बदलायलाही कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे अर्ज करावा लागतो. फळी किडल्यापासून ती बदलेपर्यंत किती उधाणं येऊन जातात, ते काका बोटांवर मोजतात.

आता ज्यांनी मला अस्वस्थ केलं त्या गोष्टी. बऱ्याच गावांत मानशीचा लिलाव बाहेरचा ठेकेदार घेतो. त्याला शेताशी देणंघेणं नसतं. तो पाणी हवं त्याहून जास्त आत घेतो, जास्त दिवस ठेवतो, आणि काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडून शेताची कोळंबीची तळी केल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. शेत एकदा खारं झालं की पुढचा पाऊस ते धुऊन काढतो, पण दोन-तीन वर्षं पाणी तसंच राहिलं तर तिथे खारफुटी रुजते. बांधाच्या बाहेर खारफुटी हवीच, ती लाटा अडवते. शेतात मात्र तिने पाय रोवला की ती तोडता येत नाही आणि क्षेत्र एक हजार चौरस मीटरच्या वर गेलं तर तिच्याभोवती 50 मीटरचा पट्टाही सागरी नियमन क्षेत्राच्या कडक नियमांत जातो. तोच 2011 चा नियम खाजनात विकासकामं करू नयेत आणि खाजनांचा व्यवस्थापन आराखडा करावा असंही सांगतो. फुटलेला बांध वेळेत सांधला नाही तर शेतकऱ्याचं शेत पर्यावरणाच्याच कायद्याने त्याच्या हातून जातं. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

नदीच्या बाजूची गोष्ट वेगळी. लोहखनिजाने भरलेले बार्ज मांडवी-जुवारीतून जात, तेव्हा त्यांच्या लाटा बांध पोखरतात अशी गावांची जुनी तक्रार. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्या, तेव्हा नदी शांत झाली. पण लाटा बार्जच्याच असतात असं नाही, इतर बोटींच्याही असतात. नदीतली वाहतूक बंदर कप्तान खात्याची, फेरीबोटी नदी परिवहन खात्याच्या, बांध कुळांचा, खारफुटी वन खात्याची, बांधकाम परवाना पंचायतीचा. धक्का कुठे वाढवायचा, बोटींनी कुठून आणि किती वेगाने जायचं, हे ठरवणाऱ्या बैठकीत मानशीच्या राखणदाराला कोण बोलावतं?

गावाच्या गरजाही खऱ्या आहेत. भात कापल्यावर कोरड्या खाजनात पोरं फुटबॉल खेळतात, ते बघायला मला फार आवडलं. त्यांना पक्कं मैदान हवं असणं चूक नाही. पण मैदानासाठी, रस्त्यासाठी, घरासाठी एका कोपऱ्यात भराव पडला की पाण्याची उतरायची वाट अडते आणि पावसाळ्यात वरच्या बाजूच्या शेतात ते तुंबतं. कुळांना मिळालेली जमीन शेतीखेरीज कशालाही वापरू नये असा 1991 चा कायदा आहे. तो असूनही भराव पडतात आणि हरकत घेणाऱ्याला पंचायत, मामलेदार, नगरनियोजन खातं अशी दारं ठोठावत फिरावं लागतं.

बियाण्याच्या बाजूने मात्र काम झालंय. खार सोसणारा जुना कोरगूट उंच वाढतो, पडतो, उत्पन्न कमी देतो. म्हणून बरेच जण ज्योती-जया या वाणांकडे वळले. जुन्या गोव्यातल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्राने कोरगुटातूनच निवड करून गोवा धान 1 आणि 2 ही वाणं काढली. पण जे शेत पडीक आहे तिथे वाण कोणतं हा प्रश्नच उरत नाही, आणि मांडवीकाठी पडीक खाजनं आता डोळ्यांना सहज दिसतात.

काकांना विचारलं, सरकारकडे काय मागाल? त्यांनी बांध सिमेंटचा करून मागितला नाही, अनुदानही नाही. लिलावाच्या करारात पाण्याची उंची लिहा, म्हणाले. मानशीच्या चिऱ्यावर रंगाने रेघ मारा, त्या रेघेवर पाणी गेलं तर ठेकेदाराला दंड करा आणि ती रेघ बघायला मामलेदाराच्या माणसाने उधाणाच्या रात्री यावं. दुसरी मागणी राखणदाराचा पगार ठेकेदाराने न देता संघाने द्यावा, ही. आज पगार ठेकेदाराचा आहे, त्यामुळे पाणी जास्त झालं तरी फळी लावायची हिंमत राखणदाराला होत नाही. यातल्या कुठल्याच गोष्टीला नवा कायदा लागत नाही. 1975 चे नियम पुरेसे आहेत. पावसाळ्याआधी सभा बोलवायची, समिती निवडायची आणि करारात दोन ओळी वाढवायच्या, एवढंच काम आहे. ते मे महिन्याच्या आत व्हायला हवं, कारण जूनमध्ये पेरणी सुरू होते आणि त्यानंतर पोंयीतलं पाणी कोणालाच थांबवता येत नाही.