गरम पाण्याची चैन आणि पोटातले जंत

इंग्लंडमध्ये लिचफिल्डजवळ वॉल नावाचे लहानसे खेडे आहे. रोमन काळातले त्याचे नाव लेटोसेटम. वॉटलिंग स्ट्रीट या राजरस्त्यावरचा हा आधी लष्करी तळ, मग वाटसरूंची वस्ती. सरकारी कामावर निघालेले अधिकारी आणि जासूद इथे मुक्काम करत, घोडे बदलत. त्या मुक्कामघराचे आणि शेजारच्या स्नानगृहाचे अवशेष आज संरक्षित स्मारक म्हणून जपले आहेत.

स्नानगृहाची करामत पाहण्यासारखी होती. विटांच्या बुटक्या खांबांवर फरशी उचललेली आणि तिच्या खालच्या पोकळीतून भट्टीची गरम हवा खेळवलेली. थंड, कोमट, कढत अशा खोल्यांतून माणूस घाम काढी, अंगाला तेल चोळून धातूच्या वाकड्या पट्टीने मळ खरवडी. एवढी टापटीप, म्हणजे रोगराई कमी असणार, असे कुणालाही वाटेल.

तसे नव्हते. केंब्रिज विद्यापीठाचे पिअर्स मिचेल यांनी साम्राज्यभरचे पुरावे एकत्र करून २०१६ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. जुने शौचकूप, दफनांतली माती, वाळलेली विष्ठा यांत गोल जंत आणि चाबूककृमी यांची अंडी सापडली होती, आव पाडणाऱ्या अमिबाच्या खुणाही होत्या. आधीच्या लोहयुगाच्या तुलनेत हे प्रमाण घटले तर नव्हतेच, उलट हळूहळू वाढले होते. उवा-पिसवाही भरपूर.

असे का, याचे मोठे उत्तर सोनखतात असावे. गोल जंताचे अंडे शरीराबाहेर पडते तेव्हा लगेच बाधत नाही. ओलसर, उबदार मातीत दोन-तीन आठवड्यांत ते पिकते. कवच जाड असल्याने पुढे महिनोन्‌महिने तग धरते. शौचकूपातला मैला नीट कुजू न देता शेतात टाकला, की भाजीबरोबर अंडी पुन्हा ताटात. आपल्याकडे शाळांतून ज्याच्यासाठी अल्बेंडाझोलची गोळी देतात, तोच हा जंत. शहर झाडून शेत घाण केले, तर त्याची सोयच होते.

दुसरा संशय हौदाच्या पाण्यावर. ते वारंवार बदलले जात नसे. वर तेल, घाम, मळाचा तवंग. सेल्सस या रोमन ग्रंथकाराने पहिल्या शतकातच बजावले होते, की जखम स्वच्छ झालेली नसताना स्नान करणे अत्यंत घातक. ती ओलसर आणि घाण होऊन सडू लागते. तरी बऱ्याच दुखण्यांवर वैद्य स्नानच सांगत, आणि रुग्ण धडधाकट माणसांसोबत त्याच हौदात उतरत.