नव्या रूपातली क्रूझर आपल्या उपनगरांत चालेल का?

बारावी करून कामाला लागलेले आमचे माजी विद्यार्थी सलाम करायला येतात, तेव्हा पूर्वी नोकरीचं विचारायचे. हल्ली विचारतात, "सर, नवी मिटिअर घेऊ की येझदी?" शिक्षकाला गाड्यांमधलं काय कळतं, असं म्हणून टाळता आलं असतं. पण प्रश्न दीड-दोन लाखांचा आहे आणि विचारणाऱ्याचा पगार आम्हाला माहीत असतो. म्हणून थोडं खोलात गेलो.

२०२५च्या ऑगस्टमध्ये येझदी रोडस्टर नव्या रूपात आली, सप्टेंबरमध्ये रॉयल एनफिल्डची मिटिअर ३५०. नवे रंग, एलईडी दिवा, हलका क्लच, मोबाइल चार्ज करायची सोय. त्याच महिन्याच्या २२ तारखेला जीएसटी बदलला. आता या गाड्या खपतील का?

क्रूझर म्हणजे ऐसपैस बसून लांब जायची गाडी. सीट खाली, हँडल उंच, पाय पुढे. लांब-रुंद रस्त्यांसाठी ही बैठक जन्मली. आपल्याकडे तिला अंधेरी-कुर्ला रोडवर संध्याकाळी सातला चालायचं असतं, घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर चढायचं असतं आणि रात्री चाळीच्या तोंडाशी तिरकी उभी राहायचं असतं. मिटिअरचं वजन १९१ किलो. गल्लीत ती मागे ढकलून बघा, मग कळतं.

तरीही क्रूझर आपल्याकडे खपलेली आहे, आणि तीही रूप बदलून. पुण्याच्या बजाजने २००१ मध्ये कावासाकीबरोबर एलिमिनेटर आणली. देखणी होती, पण सामान्य माणसाला महाग. २००५ मध्ये तीच बैठक ठेवून स्वस्तात अ‍ॅव्हेंजर आली. इंजिन आधी १८०चं, मग २००चं, मग २२०चं. दहा वर्षं गाडी बरी चालली, पण बघणारे म्हणायचे, "ही तर अंकल लोकांची गाडी."

२०१५च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने एकाच गाडीच्या दोन केल्या. क्रूझ म्हणजे क्रोम आणि तारांची चाकं. स्ट्रीट म्हणजे काळा रंग, अलॉय चाकं, सरळ आणि आखूड हँडल. दोन्हींत इंजिन तेच जुनं २२०चं. शिवाय १५०ची एक छोटी स्ट्रीट, दिल्लीच्या शोरूम भावात ७५ हजारांना. विक्री एकदम काही पटींनी वाढली. आमच्या मते रंगापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. आखूड हँडलमुळे गाडी ट्रॅफिकमध्ये वळायला लागली, आणि १५०च्या किमतीमुळे साधी गाडी घ्यायला निघालेला पोरगा क्रूझरकडे वळला. म्हणजे बदल त्याच्या रोजच्या रस्त्यासाठी आणि त्याच्या खिशासाठी होता.

पुढे काय झालं तेही बघा. २०१८ मध्ये १५० काढून १८० आणली, २०१९ मध्ये १८० काढून १६०. दरवेळी नाव तेच, आकडा वेगळा. गिऱ्हाइकाचा गोंधळ झाला आणि तोवर पोरांच्या डोळ्यांत क्लासिक ३५० बसली होती. नव्या रूपाचा जोर दोन-तीन वर्षंच टिकला.

जावाची गोष्ट उलटी आहे. महिंद्राच्या पाठबळावर २०१८च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या मुंबईतच ती पुन्हा बाजारात आली. (जुन्या येझदीची फटफट ज्यांच्या अब्बांनी ऐकवली, त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल ते आम्ही समजू शकतो.) दीड महिन्याच्या आत ऑनलाइन बुकिंग बंद करावं लागलं, कारण पुढच्या सप्टेंबरपर्यंतच्या गाड्या संपल्या होत्या. लोक पैसे घेऊन तयार होते, गाडी नव्हती. सुरुवातीचा तो जोर पुढे राहिला नाही.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या पार्ट्सच्या दुकानांशेजारी काम करणारे एक उस्ताद आमच्या ओळखीचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मास्टर, टाकी बघून गाडी घेतात, नि क्लच केबल बदलायला माझ्याकडे येतात." त्यांच्या हिशेबाने हलका क्लच हाच नव्या मिटिअरमधला खरा बदल, कारण जाममध्ये डाव्या हाताची बोटं सुजतात. दुसरी गोष्ट ट्यूबलेस टायरची. तारांच्या चाकाला पंक्चर झालं की बहुतेक वेळा चाकच उतरवावं लागतं. आणि मागे बुरख्यात एका बाजूने बसणाऱ्या अम्मीला पाय ठेवायला नीट जागा आहे का, हे शोरूममध्ये कोणी बघत नाही. घरी आल्यावर बघतात.

आता कराचं गणित, फळ्यावर मांडतो तसं. ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ झाला. करापूर्वी दीड लाखाची गाडी आधी १ लाख ९२ हजारांना पडायची, आता १ लाख ७७ हजारांना. पंधरा हजार वाचले. ३५०च्या वर मात्र सेस धरून ३१ टक्के होता तो ४० झाला. करापूर्वी दोन लाखांची गाडी १८ हजारांनी महाग. मिटिअर ३४९ सीसीची, रोडस्टर ३३४ची, दोन्ही रेषेच्या आत. हार्ले एक्स ४४० बाहेर.

वाचलेले पंधरा हजार हप्त्यात कसे जातात, तेही सांगतो. दीड लाखाचं कर्ज, तीन वर्षं, "फक्त दहा टक्के फ्लॅट". सूद ४५ हजार, हप्ता साधारण ५,४१७ रुपये. फ्लॅट म्हणजे फेडलेल्या रकमेवरही सूद चालूच. उरलेल्या रकमेवर मोजलं तर हाच दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्यातली कित्येक घरं सूद नको म्हणून बीसी लावतात, नंबर लागेपर्यंत थांबतात. असं गिऱ्हाईक उशिरा येतं, पण रोख घेऊन येतं, आणि तोवर त्याने चार जणांना गाडीबद्दल विचारलेलं असतं.

तेव्हा आमचा अंदाज असा: अंधेरी ते मुलुंड या पट्ट्यात ३५०च्या आतल्या क्रूझर चालतील, त्यातही मिस्त्री आणि पार्ट जवळ मिळणारी मिटिअर पुढे राहील. रोडस्टर दिसायला कमी नाही, पण गाडी वेळेवर मिळणं आणि सर्व्हिस यावर तिचं ठरेल. ४०० सीसीच्या वरच्या गाड्या आपल्या मोहल्ल्यात सेल्फीपुरत्या दिसतील.

प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याला आम्ही एवढंच सांगितलं की टेस्ट राइड रविवारी सकाळी नको, मंगळवारी संध्याकाळी साकीनाक्याला घे, आणि अम्मीला मागे बसव. तो घेऊन आला. अजून गाडी घेतलेली नाही, बीसीचा नंबर मार्चमध्ये आहे.