दुसरे दफ्तर

कृष्णा आणि दूधगंगा यांचा संगम चिकोडी तालुक्यात कल्लोळ-यडूरच्या परिसरात होतो, आणि त्याच्या वरच्या अंगाला भोजजवळ वेदगंगा दूधगंगेस येऊन मिळते. नकाशावर रमणीय दिसणाऱ्या या रेषा ऑगस्ट २०१९ मध्ये, आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये, अशा फुगल्या की काठची घरे, उसाचे फड, इतकेच काय, निपाणीनजीक यमगर्णीपाशी पुणे-बंगळूर महामार्गही पाण्याखाली गेला. अशा मुलखात ज्याचा सारा जमाखर्च संगणकावर आहे, मग ती पतसंस्था असो, साखर कारखाना असो की तंबाखूची वखार, त्याने आपले दुसरे दफ्तर कोठे ठेवावे?

जुन्या कारकुनास हा प्रश्न नवा नव्हता. महत्त्वाच्या कागदाची तालिक, म्हणजे नक्कल, करून ती निराळ्या जागी ठेवावी, कीर्द रोजच्या रोज लिहावी आणि तिच्यावरून खतावणी घालावी, असा शिरस्ता असल्यामुळे खतावणी भिजली तरी शाबूत कीर्दीवरून सारा हिशेब पुन्हा उभा करता येई. ‘क्लाउड डिझास्टर रिकव्हरी’ या भारदस्त नावाने आज जी सेवा विकली जाते तिचे मर्म याहून फारसे वेगळे नाही. तिची पारख दोन आकड्यांवर होते: आपत्तीपूर्वीच्या किती वेळाच्या नोंदी गमावणे आपणांस परवडेल, हा पहिला, त्यास आरपीओ म्हणतात, आणि किती वेळात कारभार पुन्हा सुरू झाला पाहिजे, हा दुसरा, त्याचे नाव आरटीओ. (आपल्याकडे हे अक्षरत्रय ऐकताच वाहनाचा परवाना आठवतो, त्यास इलाज नाही.)

हे आकडे धंद्यानुसार, किंबहुना ऋतूनुसारही, पालटतात. गाळप हंगामात वजनकाट्यावरचा संगणक तासभर बंद पडला तर उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर येते. तोच काटा ऐन महापुराच्या श्रावणात आठवडाभर निजला तरी कोणाचे काही अडत नाही. पतसंस्थेचे तसे नाही. पुरात घर सोडून आलेल्या सभासदास ठेवीतले पैसे त्याच दिवशी हवे असतात.

बाजारातल्या सेवांकडे या दृष्टीने पाहावे. अॅमेझॉनची ‘इलॅस्टिक डिझास्टर रिकव्हरी’ आपल्या सर्व्हरवरील प्रत्येक बदल अखंड टिपून दूरच्या स्वस्त साठवणीत नेते आणि मोठी यंत्रे प्रसंग आल्यावरच उभी करते, त्यामुळे गमावणे सेकंदांचे आणि उभारणी मिनिटांची होऊ शकते. तिचा जाहीर दर प्रत्येक सर्व्हरमागे ताशी ०.०२८ डॉलर, म्हणजे महिन्यास सुमारे वीस डॉलर आहे. मायक्रोसॉफ्टची ‘अझूर साइट रिकव्हरी’ प्रत्येक सर्व्हरमागे महिना पंचवीस डॉलर घेते, पहिले एकतीस दिवस मोफत देते, आणि जेथे विंडोज व हायपर-व्ही आधीपासून नांदत आहेत तेथे ती सोयीची पडते. दोहोंतही साठवणीचा आणि उभ्या केलेल्या यंत्रांचा आकार निराळा द्यावा लागतो, हे कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. गूगलच्या सेवेचा भर प्रतींच्या जतनावर अधिक. ज्या लहान पेढीस दोन दिवसांचा खंड सोसवतो तिने यांपैकी कशाच्याही मागे न लागता रोज रात्रीची साधी प्रत मेघात टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्थळाचा विचार मात्र सर्वांनाच सारखा. चिकोडीची प्रत कोल्हापूरच्या शाखेत ठेवणे म्हणजे एकाच पुराच्या स्वाधीन दोन्ही दफ्तरे करणे होय. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीही त्याच आठवड्यात बुडाली होती. अॅमेझॉनची केंद्रे मुंबई आणि हैदराबाद येथे आहेत, अझूरने पुण्याची जोडी चेन्नईशी लावली आहे, गूगलने मुंबई व दिल्ली निवडली आहे. पुण्याची मुठा आणि हैदराबादची मुसी दोन्ही अखेर कृष्णेसच मिळतात, हे भूगोलाच्या रसिकाने ध्यानी घेऊन उगाच घाबरू नये. प्रश्न खोऱ्याचा नसून एकाच वेळी येणाऱ्या संकटाचा आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्रास आग लागली, तेव्हा मूळ दस्त आणि त्याची प्रत एकाच आवारात ठेवणाऱ्या ग्राहकांचे दोन्ही जळाले.

संकट पाण्याचेच असते असेही नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या सेवादात्या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाल्याने देशातील सुमारे तीनशे लहान बँकांची देयक-व्यवस्था राष्ट्रीय जाळ्यापासून तात्पुरती तोडावी लागली. अशा हल्ल्याच्या वेळी अखंड नक्कल करणारे यंत्र विषारी बदलाचीही इमानाने नक्कल करते. म्हणून मागच्या एखाद्या निश्चित क्षणाची, कोणासही पुसता न येणारी प्रत मिळते की नाही, हे करारनाम्यावर सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आता गावातल्या तारेची गोष्ट. दोन टेराबाइटचे दफ्तर वीस एमबीपीएसच्या जोडणीने प्रथम वर चढवावयाचे तर सलग नऊ दिवस लागतील. पुढे रोजचे पाच गिगाबाइट बदल अर्ध्या तासात जातात. म्हणून पहिली प्रत उन्हाळ्यातच चढवावी, मृगाची वाट पाहू नये.

आणि बाजार बंद असेल अशा एखाद्या दिवशी रंगीत तालीम करावी. अॅमेझॉन व मायक्रोसॉफ्ट या दोन्ही सेवांत चालू कारभारास धक्का न लावता अशी चाचणी घेता येते. तिच्यातच कळते की परवलीच्या शब्दांची वही तळमजल्यावरच्या कपाटात आहे, आणि दुसऱ्या पडताळणीचा ओटीपी ज्यांच्या मोबाइलवर येतो त्या व्यवस्थापकांचे घर नदीकाठी असून पुरात तेथला टॉवर सर्वांत आधी बंद पडतो.