'गॅसलाइट' : मन खचत जाण्याचा अभिनय

'गॅसलाइट' (१९४४) हा जॉर्ज क्युकर यांनी दिग्दर्शित केलेला मानसशास्त्रीय थरारपट पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ सालच्या नाटकावर बेतलेला आहे. कथा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमध्ये घडते. ज्या घरात मावशीचा खून झाला, त्याच घरात पॉला लग्नानंतर नवऱ्यासोबत राहायला येते. नवरा ग्रेगरी हाच खुनी असतो. मावशीची रत्ने शोधायला मोकळीक मिळावी म्हणून तो पॉलाला वेडी ठरवायचा घाट घालतो.

शार्ल ब्वाये यांनी रंगवलेला ग्रेगरी संशयास्पद आहे, हे प्रेक्षकाच्या लवकरच लक्षात येते. त्यामुळे खुनी कोण, या प्रश्नावर चित्रपट फार काळ तगून राहू शकत नाही. नवऱ्याच्या सांगण्यावर पॉला कितपत विश्वास ठेवणार आणि त्यातून सावरणार की नाही, यातच सगळा थरार आहे. साहजिकच चित्रपटाचा भार इन्ग्रिड बर्गमन यांच्या अभिनयावर येतो.

ही भूमिका त्यांच्यासाठी सोपी नव्हती. उंच, धडधाकट आणि टवटवीत अशी ही अभिनेत्री जात्याच दुबळी वाटत नाही. भूमिकेच्या तयारीसाठी त्यांनी मनोरुग्णालयात एका रुग्णेचे हावभाव आणि नजर न्याहाळली होती, असे सांगितले जाते. मात्र पडद्यावर त्यांनी पॉलाला सुरुवातीपासून आजारी दाखवलेले नाही. पहिल्या भागातली पॉला हसरी आणि प्रेमात बुडालेली आहे. धट्टीकट्टी बाई खचत जाते, म्हणूनच तिचे खचणे भयंकर वाटते.

हा बदल लहानसहान प्रसंगांतून घडतो. ग्रेगरी पॉलाला एक ब्रोच देतो आणि 'तू वस्तू हरवतेस' असे सांगून तो तिच्या पर्समध्ये ठेवल्याचे दाखवतो. टॉवर ऑफ लंडन पाहताना ती पर्स उघडते, तर ब्रोच जागेवर नसतो. बर्गमन इथे आरडाओरडा करत नाहीत. बोटे पर्समध्ये पुन्हा पुन्हा चाचपडतात आणि नजर नवऱ्याला टाळू लागते. ही भीती वस्तू हरवल्याची कमी आणि नवऱ्याचे म्हणणे खरे ठरल्याची जास्त आहे.

गॅसच्या दिव्याचे प्रसंगही असेच आहेत. ग्रेगरी रात्री बाहेर गेल्याचे भासवून माळ्यावर शिरतो आणि तिथला दिवा लावतो. गॅस वाटला गेल्याने खाली पॉलाच्या खोलीतली ज्योत मंदावते. पॉला आधी दिव्याकडे आणि मग पावले वाजतात त्या छताकडे पाहते. दिसले ते खरे होते का, अशी शंका तिच्या चेहऱ्यावर उमटते. संवादाची गरजच उरत नाही.

संगीताच्या मैफलीत या घसरणीचा कळस होतो. नवऱ्याचे 'हरवलेले' घड्याळ पॉलाच्या पर्समध्ये सापडते. पियानो चालू असताना ती हुंदका दाबू पाहते. ओठ थरथरतात, श्वास अडखळतो आणि अखेर भर सभेत तिचा बांध फुटतो. रडू आवरण्याची धडपड रडण्याआधी दिसते, हेच या प्रसंगाचे बळ आहे.

पुढे ब्रायन कॅमरन हा पोलीस अधिकारी दिव्याची ज्योत मंदावलेली स्वतः पाहतो. आपल्याला भास होत नव्हता हे कळताच पॉलाच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडतो. शेवटी खुर्चीला बांधलेला ग्रेगरी तिच्याकडे सुटका मागतो, तेव्हा ती हातात चाकू घेऊन वेडेपणाचेच सोंग आणते. वेडी बायको मदत कशी करणार, असे त्याचेच शस्त्र ती त्याच्यावर उलटवते. आधी दबलेला आवाज इथे मोकळा होतो आणि त्यात संतापही असतो. आधीचे खचणे खरे वाटले नसते, तर हा सूड पोकळ ठरला असता.

या भूमिकेसाठी बर्गमन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले; ते त्यांचे पहिलेच. कृष्णधवल कलादिग्दर्शनाचे ऑस्करही याच चित्रपटाला मिळाले. सामानाने गच्च भरलेल्या त्या खोल्यांमुळे पॉलाची घुसमट डोळ्यांना दिसते. पण ती आतून जाणवते ती बर्गमन यांच्या अभिनयामुळेच.